‘पीडीएफ असेल तर टाका’ : ग्रुप चालवणाऱ्यांची जबाबदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंक स्टॉलवर येऊन आठ-दहा दिवस होत नाहीत तोच त्यांच्या पीडीएफ वाचकांच्या ग्रुपवर फिरू लागतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि आज ती ज्यांच्या प्रेमावर टिकली आहे त्याच वाचकांच्या हातून तिचे नुकसान होते आहे. पुस्तकांचे तेच, ध्वनिपुस्तकांचे तेच, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचेही तेच. याबद्दल लिहिताना सगळ्यांचे बोट फाइल टाकणाऱ्याकडे जाते. मला लिहायचे आहे ते ग्रुप चालवणाऱ्यांबद्दल, म्हणजे ॲडमिनबद्दल.

अशी पीडीएफ नीट पाहिली की ती कुठून आली ते बरेचदा कळते. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि दाखल क्रमांक, डाव्या कोपऱ्यात पान धरणाऱ्याचा अंगठा, शिवणीकडची अक्षरे काळ्या सावलीत गेलेली, मध्येच दोन पाने गळालेली, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मोबाइलवरच्या स्कॅनिंग ॲपचे नाव. हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात पाने स्वच्छ असतात, अक्षर सरळ असते, कारण ती विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचे कुलूप तोडून काढलेली फाइल असते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. पानाच्या चारही कोपऱ्यांना कटाईच्या खुणा दिसतात. म्हणजे छापखान्यात पाठवलेली फाइलच बाहेर पडली. प्रकाशकाला कळवताना हा तपशील सांगितला तर त्याला गळती कुठे आहे ते शोधता येते, म्हणून तो मुद्दाम लिहिला.

नुकसान किती, तेही साधे गणित करून पाहावे. समजा ३०० रुपयांचे पुस्तक आहे आणि हजार प्रतींची आवृत्ती. लेखकाचे मानधन १० टक्के धरले तर प्रतीमागे ३० रुपये. सगळी आवृत्ती खपली तर हातात ३० हजार, आणि तेही वर्ष-दोन वर्षांत. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ सभासद मावतात. म्हणजे एक भरलेला ग्रुप हा एका आवृत्तीहून मोठा. प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे एक बुडालेली विक्री, असे मी म्हणणार नाही. अनेक जण फाइल घेतात आणि उघडतही नाहीत. पण हजारातल्या शंभर जणांनी जरी ‘आहे की मोबाइलमध्ये’ म्हणून दुकानात जाणे टाळले, तरी दुसरी आवृत्ती निघायची ती निघत नाही.

आता कायद्याचे बघू. याबाबत दोन टोकांच्या समजुती आहेत. एक अशी की सभासदाने काहीही टाकले तरी पोलीस ॲडमिनलाच धरतात. दुसरी अशी की ‘मी टाकले नाही, माझा संबंध नाही’ एवढे म्हटले की विषय संपला. दोन्ही चूक.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेले काम दिसले पाहिजे. न्यायालयाने दिलेले कारण महत्त्वाचे आहे. ॲडमिनच्या हातात सभासद घेणे आणि काढणे एवढेच असते, मजकूर पडण्याआधी तो तपासण्याचा अधिकार त्याला नसतो. ते प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, पण तर्क इथेही लागू पडण्यासारखा आहे. मात्र त्यानंतर एक गोष्ट बदलली. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाही सभासदाचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय दिली. मजकूर आधी रोखता येत नाही हे आजही खरे आहे. नंतर काढता येत नाही, हे आता खरे राहिलेले नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून हक्कभंग करणारा आणि त्याला साहाय्य करणारा, दोघेही येतात. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. यातला कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’ हा आहे. रात्री दोन वाजता कुणी फाइल टाकली आणि ॲडमिन झोपला होता, तर त्याला काही माहीत नाही. सकाळी त्याने ती पाहिली, खाली अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजी पाहिल्या, स्वतःही ‘धन्यवाद सर’ लिहिले, तर आता त्याला माहीत आहे. लेखकाचा निरोप आल्यावरही फाइल तशीच राहिली तर मग सांगायला काहीच उरत नाही.

‘फाइल आम्ही ठेवलीच नाही, नुसती लिंक दिली’ हेही ऐकू येते. लिंकबद्दल कायदा मुका नाही. कलम ५२(१)(ग) मध्ये लिंक किंवा प्रवेश देण्यासाठी केलेल्या तात्पुरत्या साठवणुकीला संरक्षण आहे, पण ही प्रत बेकायदा आहे हे माहीत असेल, किंवा तसे वाटायला पुरेसे कारण असेल, तर ते संरक्षण मिळत नाही. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ त्याची रीत सांगतो. हक्कधारकाने लेखी तक्रार करायची. तिच्यात कृती कोणती, आपण हक्कधारक कसे, प्रत बेकायदा का, ती नेमकी कुठे आहे, आणि टाकणारा माहीत असल्यास कोण, हे सगळे द्यायचे. शिवाय २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देऊ, अशी हमी द्यायची. तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत प्रवेश बंद करायचा. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. ही तरतूद मुळात संकेतस्थळे डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे आणि पुस्तकप्रेमींच्या ग्रुपला ती जशीच्या तशी लागू होते का, यावर वकील वाद घालू शकतील. पण तक्रार कशी असावी आणि किती वेळात काय करावे, याचा इतका नेमका आराखडा ॲडमिनला तयार मिळतो आहे. तो उचलावा. ३६ तासांचे माप तर डोळे मिटून घ्यावे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात ग्रुपच्या वर्णनापासून होते. बहुतेक ग्रुपवर ‘पायरसी करू नये’ एवढे एक वाक्य असते आणि त्याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘हक्क चालू असलेली पुस्तके, अंक, ध्वनिपुस्तके, चित्रपट यांच्या फाइल किंवा लिंक इथे टाकू नयेत आणि मागू नयेत. “इनबॉक्स केले आहे” हेही चालणार नाही. मोफत आणि अधिकृत लिंक देताना ती कुणी प्रसिद्ध केली आहे ते सोबत लिहावे. तक्रार असल्यास ॲडमिनला खासगी निरोप द्यावा.’

यातला ‘मागू नयेत’ हा शब्द सर्वांत जास्त काम करतो. एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी चार चांगल्या ओळी लिहिते आणि पाचव्या मिनिटाला खाली येते, ‘पीडीएफ असेल तर टाका’. देणारा त्या वाक्याने जागा होतो. तिथेच ॲडमिनने पुस्तक कुठे मिळते, किंमत किती, कोणत्या ग्रंथालयात आहे, ई-पुस्तक आहे का, हे उत्तर दिले तर पुढचा प्रसंग टळतो. हे उत्तर द्यायला दहा मिनिटे लागतात. फाइल पडल्यावर निस्तरायला दोन दिवस जातात.

फाइल पडलीच तर क्रम महत्त्वाचा. आधी स्क्रीनशॉट घ्यावा, ज्यात टाकणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि फाइलचे नाव दिसेल. फाइल स्वतः उतरवून ठेवू नये. मग मेसेज सर्वांसाठी डिलीट करावा. व्हॉट्सॲपवर हे साधारण दोन दिवसांच्या आतच करता येते, म्हणून ‘रविवारी निवांत बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांच्या फोनवर फाइल आधीच उतरून दुसरीकडे साठली आहे, तिथून ती जात नाही. त्यासाठी ग्रुपवर एक ओळ टाकावी : ‘सकाळी आलेली एक फाइल हक्क चालू असलेल्या पुस्तकाची होती, म्हणून काढली आहे. ज्यांनी उतरवली असेल त्यांनी ती पुढे पाठवू नये.’ टाकणाऱ्याचे नाव या ओळीत नको. त्याच्याशी वेगळे बोलावे. अशा फाइल टाकणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, वाचनालयात वर्षानुवर्षे सेवा केलेले असतात, आणि आपण विद्यादान करतो आहोत असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना सांगावे की स्वतः विकत घेतलेले पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देणे हे दान आहे, त्यात कोणाचाही हक्क मोडत नाही, कारण दिलेली प्रत आपल्याकडे उरत नाही. इथे आपली प्रत आपल्याकडेच राहते आणि वर हजार नव्या तयार होतात. बहुतेकांना हे एकदा सांगितले की पटते. दुसऱ्यांदा घडले तर ताकीद, तिसऱ्यांदा सभासदत्व रद्द. तिथे मग वय आणि मान बघू नये.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त अवघडही. तिथे दोन-दोन लाखांचे ग्रुप चालतात, चॅनलला तर सभासदांची मर्यादाच नाही, आणि दोन जीबीपर्यंतची फाइल चढवता येते. सार्वजनिक ग्रुपमध्ये आज आलेल्या माणसाला तीन वर्षांपूर्वीचा मेसेजही दिसतो. त्यामुळे ‘आता नवीन काही टाकू देत नाही’ एवढ्याने भागत नाही, जुने काढावे लागते. ग्रुपच्या माहितीच्या पानावर फाइल आणि लिंक यांचे वेगळे कप्पे असतात, ते वरपासून खालपर्यंत चाळावेत. शोधाच्या चौकटीत ‘पीडीएफ’, ‘ड्राइव्ह’, ‘ईपब’, ‘लिंक’ हे शब्द रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत टाकून पाहावेत. एका लिपीत शोधले तर निम्मे सुटतात. पण टेलिग्रामवर सोयही जास्त आहे. मजकूर, फोटो, फाइल, लिंक यांची परवानगी तिथे वेगवेगळी देता येते. पुस्तकांवर गप्पा मारणाऱ्या ग्रुपला फाइलची गरजच काय? सभासदांसाठी फाइल बंद ठेवावी, कोणाला अधिकृत मोफत पुस्तक द्यायचे असेल तर ते ॲडमिनमार्फत यावे. या एका बदलाने निम्म्याहून अधिक डोकेदुखी संपते. व्हॉट्सॲपवर एका सभासदापुरते लिहिणे बंद करता येत नाही, टेलिग्रामवर ठरावीक मुदतीपुरते करता येते. फेसबुक ग्रुपवर पोस्ट आधी मंजुरीसाठी थांबवण्याची सोय आहे, आणि ठरावीक शब्द किंवा लिंक असलेल्या पोस्ट आपोआप नाकारण्याचीही.

चुका कुठे होतात तेही लिहितो, कारण त्या चांगल्या हेतूने होतात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे निषेध करताना लिंक पसरवणे. लेखक किंवा प्रकाशक संतापून चॅनलच्या नावासकट स्क्रीनशॉट फेसबुकवर टाकतात, शंभर जण तो शेअर करतात, आणि त्या रात्रीत चॅनलचे सभासद वाढतात. कळवायचे ते हक्कधारकाला, खासगीत. पूर्ण लिंक, चॅनलचे नाव, तारीख आणि फाइल कोणत्या प्रकारची दिसते, एवढे द्यावे. गूगल ड्राइव्ह असो की टेलिग्राम, फाइल काढून टाकण्याची कॉपीराइट तक्रार हक्कधारकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने करायची असते. ॲडमिनने स्वतः करून उपयोग होत नाही. म्हणून त्याचे कर्तव्य कळवण्यापर्यंत आहे, आणि तेवढे त्याने नक्की करावे.

दुसरी चूक, ‘फक्त शैक्षणिक उपयोगासाठी, हक्कभंगाचा हेतू नाही’ अशी ओळ जोडणे. या ओळीला काडीची किंमत नाही. समीक्षेसाठी, संशोधनासाठी, स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापराची सवलत कायद्यात आहे आणि ती मोलाची आहे. कवितेवर लिहिताना कडवे उद्धृत करावे, कादंबरीतला परिच्छेद द्यावा. अख्खे पुस्तक हजार जणांना देणे त्या सवलतीत बसत नाही. उलट अशा ओळीमुळे लिहिणाऱ्याला हक्काचा प्रश्न ठाऊक होता हे दिसून येते.

तिसरी चूक म्हणजे मुख्य ग्रुप स्वच्छ ठेवायचा आणि शेजारी ‘फक्त पीडीएफ’ नावाचा दुसरा काढायचा. नागपूर खंडपीठाने समान हेतू आणि आधी ठरवलेले काम याबद्दल जे म्हटले, ते इथे ग्रुपच्या नावातच लिहून ठेवल्यासारखे होते. आणि चौथी, एकाच ॲडमिनवर सगळे सोडणे. तो गावाला गेला, आजारी पडला, की ३६ तास असेच निघून जातात. किमान तिघे हवेत, आणि तक्रार कोणाकडे आली तरी कोणीही कृती करू शकेल असे ठरलेले हवे.

आता उलटी बाजू. भीतीपोटी पीडीएफ म्हटले की सरसकट डिलीट करणारे ॲडमिनही आहेत, आणि त्यानेही वाचकांचे नुकसान होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश खुला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये मिळतात. विकिस्रोतावर हक्क संपलेली मराठी पुस्तके आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके मोफत देते. यांच्या लिंक ग्रुपवर मुद्दाम टाकाव्यात, वरती पिन कराव्यात. फक्त फाइल फिरवण्याऐवजी मूळ पानाची लिंक द्यावी, म्हणजे खात्रीही राहते आणि त्या संस्थेला वाचकसंख्याही कळते. मात्र इंटरनेट अर्काइव्हवर आहे म्हणजे मोफतच आहे, असे धरू नये. तिथे कोणीही काहीही चढवू शकते, आणि हक्क चालू असलेली मराठी पुस्तकेही तिथे आहेत.

हक्क संपला की नाही, हे ठरवण्याचे गणित अवघड नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. आधी ही मुदत ५० होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन ३१ डिसेंबर २०१० नंतर मुक्त झाले. सावरकर १९६६ मध्ये गेले, म्हणून मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. आचार्य अत्रे १९६९, म्हणजे २०२९ अखेर. वि. स. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० अखेर. ‘जुने आहे, कोण विचारतो’ हे खांडेकरांच्या आणि अत्र्यांच्या पुस्तकांबद्दल सर्रास ऐकू येते, म्हणून ही उदाहरणे घेतली. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. दोन लेखक असतील तर जो शेवटी गेला त्याच्यापासून. आणि अनुवादात हमखास फसगत होते. मूळ परदेशी लेखक दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, आणि त्याची ६० वर्षे वेगळी. मुक्त झालेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रे यांचेही तसेच. नामपत्राच्या मागचे पान उघडून ‘हक्क’ या शब्दापुढे कोणाचे नाव आहे ते वाचले तर निम्म्या शंका तिथेच मिटतात. ते पानच स्कॅनमधून गायब असेल तर मन आपोआप सावध झाले पाहिजे.

दृष्टिहीन वाचकांच्या ग्रुपबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण पायरसीच्या ओरड्यात ते नाहक भरडले जातात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२(१)(यख), म्हणजे इंग्रजी कायद्यातल्या झेडबी या पोटकलमाने, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करणे आणि ती त्यांच्यात वाटणे याला परवानगी दिली आहे. नफा घ्यायचा नाही, आणि संस्था हे काम करत असेल तर प्रती त्याच वाचकांपुरत्या राहतील याची काळजी घ्यायची. अशा वाचकांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय याच पायावर चालू आहे. तेव्हा अशा वाचकांसाठी कोणी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केले तर त्याला पायरसी म्हणू नये. त्या ग्रुपच्या ॲडमिननेही प्रवेश पारखून द्यावा आणि तिथली ध्वनिफीत बाहेरच्या ग्रुपवर नेणाऱ्याला लगेच काढावे. चार डोळस माणसांच्या आळसापायी हा दरवाजा बंद व्हायला नको.

‘पुस्तक बाजारात मिळतच नाही, मग काय करायचे?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. इंदूर-बडोद्याच्या किंवा अमेरिका-आखातातल्या मराठी माणसाला तो जास्त बोचतो. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतो आणि ई-पुस्तक काढलेलेच नसते. इथे दोष प्रकाशकांकडेही जातो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ॲडमिनच्या हातात एक उपाय आहे. ग्रुपवर नावे गोळा करावीत. एखाद्या दुर्मीळ पुस्तकासाठी पन्नास-शंभर जणांनी आगाऊ मागणी नोंदवली तर मागणीनुसार छपाईच्या आजच्या तंत्राने तेवढ्या प्रती काढणे प्रकाशकाला जमू शकते, आणि ई-पुस्तक काढण्याचे धाडसही येते. एक फाइल फिरवण्यापेक्षा हे काम मोठे आहे, आणि पाचशे-हजार वाचकांच्या ग्रुपला ते सहज पेलते. शिवाय ग्रंथालये आहेतच. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत ‘मिळत नाही’ म्हणून हळहळलेली पुस्तके धूळ खात असतात.

स्पर्धा परीक्षांची चॅनल हा वेगळाच धंदा झाला आहे. क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नसंच, रेकॉर्ड केलेली व्याख्याने तिथे पडतात, आणि ‘संपूर्ण बॅच’ थोड्या पैशांत विकलीही जाते. नाव लपवून चालवले की आपण सुरक्षित, असे या मंडळींना वाटते. दिल्लीतल्या एका शिक्षिकेच्या अभ्याससाहित्याच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये टेलिग्रामला अशा चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितले. आपला सर्व्हर परदेशात आहे, वापरकर्त्यांची गोपनीयता आहे, हे मुद्दे न्यायालयाने मानले नाहीत. टेलिग्रामने ॲडमिनची नावे, फोन नंबर आणि आयपी पत्ते बंद पाकिटात सादर केले. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाने असे चॅनल चालवावे आणि ऐन परीक्षेच्या उंबरठ्यावर अजामीनपात्र गुन्हा अंगावर घ्यावा, याहून वाईट काय?

चित्रपटांबद्दल थोडक्यात. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणे आणि ते पसरवणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणि सेन्सॉर बोर्डाने तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमले असून ४८ तासांत कारवाईची व्यवस्था आहे. ॲडमिनने आणखी एक धोका ओळखावा. चित्रपटाच्या नावाने येणारी फाइल एपीके असेल, म्हणजे इन्स्टॉल करायला सांगत असेल, तर तो चित्रपट नाहीच. ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढे पाठवू शकते. छोट्या केलेल्या लिंकमागे काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून ‘उघडून खात्री करतो’ असे ॲडमिनने करू नये. अनोळखी छोटी लिंक सरळ काढावी आणि टाकणाऱ्याला मूळ पत्ता विचारावा.

संपादक महाशय, हा प्रश्न आपल्या क्षेत्राच्याही दारात आलेला आहे. टाळेबंदीत वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या पीडीएफ होऊन फिरत होत्या, आणि मे २०२० मध्ये एका हिंदी दैनिकाच्या तक्रारीवरून दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितले होते. म्हणून आपल्याकडे एक विनंती. आपण पुस्तकाचे परीक्षण छापता तेव्हा खाली प्रकाशक, पाने आणि किंमत देता. त्यात आणखी एक ओळ वाढवावी : ई-पुस्तक किंवा ध्वनिपुस्तक आहे की नाही, असल्यास कुठे, आणि पुस्तक घरपोच मागवायचे तर प्रकाशकाशी कसा संपर्क साधायचा. दिवाळी अंकांच्या स्वागताच्या सदरातही तेच करावे. परीक्षणाचे कात्रण सकाळी आठ वाजता ग्रुपवर येते आणि सव्वाआठला त्याखाली ‘पीडीएफ असेल तर टाका’ येते. ती ओळ कात्रणातच असेल तर ॲडमिनला तिच्याकडे बोट दाखवता येईल.

आपला,
पुस्तक व्यवहारातला एक वाचक, पुणे